समुपदेशकाचं गाऱ्हाणं

सिंधुदुर्गातल्या कुठल्याही ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणं घालणारा माणूस एकटा नसतो. तो देवापुढे उभा राहून एकेक मागणं मांडतो आणि प्रत्येक मागण्याला मागे जमलेली माणसं 'होय म्हाराजा' म्हणून साथ देतात. ती साथ आली नाही तर गाऱ्हाणं अर्धवट वाटतं. ज्याचं दुखणं आहे तो, ते शब्दांत मांडणारा आणि त्याला होकार भरणारे, असे तीन पक्ष तिथे हजर असतात. देव अडचण सोडवतो की नाही हा प्रश्न वेगळा, पण दुसऱ्याचं दुःख शब्दांत मांडणाऱ्याच्या पाठीशी माणसं लागतात ही समज गावानं केव्हाचीच रिवाजात बसवून टाकली आहे. समुपदेशनाच्या खोलीत मात्र दोनच खुर्च्या असतात. दार बंद असतं आणि ते बंदच असायला हवं. तास संपतो, समोरचा माणूस उठून जातो आणि ऐकणाऱ्याच्या मागे होकार भरायला कुणी उरत नाही. पुढचा माणूस बाहेर बाकावर बसलेला असतो. थेरपिस्टच्या व्यावसायिक वाढीबद्दल लिहिताना कोर्स, पदव्या आणि कार्यशाळांची यादी देण्याची पद्धत आहे. माझ्या मते खरा प्रश्न या रिकाम्या तिसऱ्या जागेचा आहे. थेरपिस्ट वर्षानुवर्षं टिकतो कशानं आणि त्याचं काम सुधारतं कशानं, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं: त्याचं काम नियमानं दुसऱ्या जाणकाराच्या कानावर जातं का?

हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा मालवण-कसाल रस्त्यावरच्या कट्ट्यासारख्या गावात जास्त टोकदार होतो. सिंधुदुर्ग जिल्हा 1981मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला. 2011च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 8,49,651 होती, म्हणजे आधीच्या दहा वर्षांत ती वाढण्याऐवजी घटली होती. तरुण मुंबईला, गोव्याला जातात, घरी म्हातारी माणसं राहतात, गणपतीला चाकरमानी आले की घर भरतं आणि विसर्जनानंतर पुन्हा ओस पडतं. अशा जिल्ह्यात मनाच्या उपचाराला किती माणसं असतील? देशभरात लाखामागे सुमारे 0.75 मनोविकारतज्ज्ञ असल्याचं सांगितलं जातं. ही देशाची सरासरी धरून हिशेब केला तर सिंधुदुर्गाच्या वाट्याला सहा-सात तज्ज्ञ येतात. आणि तेही जिल्हाभर सारखे पसरलेले नसणार, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. राज्याच्या जुन्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी तळकोकणाच्या वाट्याचं रत्नागिरीला आहे. ऑक्टोबर 2022पासून 14416 हा टेलिमानसचा नंबर आला, तोही उपयोगाचा आहे. तरी रोजचं ओझं पडतं ते शाळेतल्या समुपदेशकावर, एखाद्या संस्थेच्या केंद्रात आठवड्यातून दोन दिवस बसणाऱ्या मानसशास्त्राच्या पदवीधरावर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सवर. हा लेख मुख्यतः यांच्याबद्दल आहे. मोठ्या शहरातल्या थेरपिस्टला निदान शेजारच्या इमारतीत दुसरा थेरपिस्ट सापडतो.

लहान गावात या कामाला आणखी एक पीळ असतो. शहरात क्लायंट दाराबाहेर पडला की गर्दीत मिसळून जातो. इथे सकाळी खोलीत रडलेली बाई संध्याकाळी बाजारपेठेत नारळ घेताना भेटते. दारू सोडायला आलेला माणूस जत्रेत समोरून चालत येतो आणि त्याला ओळख दाखवायची की नाही, हे अर्ध्या सेकंदात ठरवावं लागतं. सामाईक जमिनीवरून दोन भावांचं वाजलेलं असतं. एक भाऊ झोप येत नाही म्हणून आलेला असतो आणि दुसऱ्याची बायको समुपदेशकाच्या मावशीची नणंद निघते. थेरपीच्या परदेशी पाठ्यपुस्तकांत अशी दुहेरी नाती टाळावीत असं लिहिलेलं असतं. कट्ट्यात ती टाळायची म्हटलं तर काम बंद करावं लागेल. ती सांभाळण्याखेरीज दुसरा मार्ग नाही, आणि सांभाळताना आपला तोल कुठे गेला हे स्वतःचं स्वतःला नीट दिसत नाही.

तोल जाण्याची पहिली लक्षणं बारीक असतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रिस्तिना मॅस्लॅक यांनी 1981मध्ये कामातून येणारी होरपळ मोजण्याची जी प्रश्नावली आणली, तिच्यात तीन धागे आहेत: भावनिक थकवा, समोरच्या माणसाबद्दल येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही अशी भावना. थकवा सगळ्यांना कळतो, कोरडेपणा मात्र पटकन ओळखू येत नाही. क्लायंटचं नाव जाऊन 'ती चौक्याची डिप्रेशनवाली' अशी ओळख तोंडात बसते. समोरचा बोलायला लागला की त्याचं पुढचं वाक्य आपल्याला आधीच ठाऊक आहे असं वाटू लागतं. कुणी आलं नाही तर मनातून सुटल्यासारखं वाटतं. गंमत अशी की बाहेरून पाहणाऱ्याला हा माणूस अधिक सराईत, अधिक 'प्रोफेशनल' झाल्यासारखा दिसतो आणि त्यालाही तसंच वाटू शकतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे: अनुभव सगळं शिकवतो, वीस वर्षं माणसं ऐकली की हात बसतोच. थेरपीच्या बाबतीत पुरावा याच्या उलट आहे. सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2016मध्ये 170 थेरपिस्ट आणि त्यांचे 6,591 क्लायंट यांच्या नोंदी सरासरी पावणेपाच वर्षांच्या काळात तपासल्या. अनुभव वाढत गेला तसे परिणाम सुधारले नाहीत. सरासरीनं पाहता ते किंचित घसरले. 2012च्या एका अभ्यासात 129 थेरपिस्टांना आपली गुणवत्ता इतरांच्या तुलनेत कुठे आहे हे विचारलं होतं. सरासरीपेक्षा कमी असं स्वतःला एकानंही ठरवलं नाही, आणि ते सगळ्यांच्या बाबतीत खरं असणं जवळपास अशक्य आहे. आणि 2005चा हॅनन यांचा अभ्यास तर या धंद्यात पडणाऱ्या प्रत्येकानं भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. 550 क्लायंटांपैकी कुणाची प्रकृती उपचारात बिघडेल, हे थेरपिस्टांना आधी सांगायला लावलं होतं. त्यांनी तिघांची नावं दिली. प्रत्यक्षात 40 जण बिघडले आणि सांगितलेल्या तिघांपैकी एकच त्या चाळिसांत होता.

ही माणसं आळशी किंवा बेपर्वा होती असं कुणी म्हणणार नाही. कारण कामाच्या घडणीत आहे. दशावतारी नटाकडे लिखित संहिता नसते, संवाद तो तिथल्या तिथे रचतो, पण तो चुकला की त्याला लगेच कळतं. रात्री दोनला भाषण लांबलं की लोक उठून चहा-भज्यांकडे जातात. सुताराची चौकट वाकडी झाली तर दार बसत नाही. थेरपिस्टचं दार बसलं नाही तर माणूस पुढच्या वेळी येत नाही, एवढंच. विचारलंच तर सांगतो, एसटी चुकली, घरात पाहुणे आले, आता बरं वाटतं. कोकणातला माणूस तोंडावर 'तुमच्यामुळे फरक पडला नाही' असं म्हणणार नाही, तो भिडस्त असतो आणि समुपदेशक ओळखीतलाच असतो. मग चूक शिकवणार कशी? ती कानावरच येत नाही. बरे झालेले तेवढे पेढे घेऊन येतात, म्हणून वर्षं जमतात तशी स्वतःबद्दलची खात्री वाढते आणि कौशल्य तिथेच राहतं.

या अडचणीवरचा सर्वांत बोलका प्रयोग कट्ट्यापासून फार दूर झालेला नाही, तो शेजारच्या गोव्यात झाला. 1996मध्ये स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेनं विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या लोकांसाठी सहा ते आठ बैठकांचा एक उपचार बसवला. उपचार देणारे ना डॉक्टर होते ना मानसशास्त्रज्ञ. ती स्थानिक, साधारण शिकलेली माणसं होती, त्यांना या कामासाठी प्रशिक्षण देण्यात आलं होतं. 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार 495 जणांच्या या चाचणीत तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून सावरले, तर नेहमीची सेवा तेवढी मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. वर्तमानपत्रांनी यातून बातमी काढली ती 'साधी माणसंही थेरपी देऊ शकतात' अशी. ती खरी आहे, पण अर्धी. ही साधी माणसं एकटी नव्हती. त्यांच्या बैठका क्लायंटच्या संमतीनं ध्वनिमुद्रित होत आणि गटात बसून ती ध्वनिमुद्रणं ऐकली जात. ठरलेल्या मोजपट्टीवर एकमेकांच्या कामाला गुण दिले जात. सुरुवातीला हे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चाले, पुढे समुपदेशकच ते चालवू लागले. सोबत्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी कितपत जुळतात याचा डेझी सिंगला आणि सहकाऱ्यांनी 2014मध्ये वेगळा अभ्यास प्रसिद्ध केला. थोड्या सरावानंतर ते पुरेसे जुळत होते.

अशा बैठकीत नेमकं काय घडतं ते जवळून पाहायला हवं. समजा, ध्वनिमुद्रणाच्या बाराव्या मिनिटाला साठीची बाई म्हणते, "झील (मुलगा) आताशा फोन करणा नाय." समुपदेशक लगेच म्हणतो, "अहो, त्याला तिकडे काम असेल." बाई "हां, तसांच आसात" म्हणते आणि पुढची पाच मिनिटं गुडघेदुखीवर जातात. खोलीत बसलेल्या समुपदेशकाला यात काही चुकल्यासारखं वाटलेलं नसतं, त्यानं धीर दिलेला असतो. बाहेरून ऐकणाऱ्या सोबतिणीला मात्र ऐकू येतं की दार उघडलं होतं आणि यानं ते अगदी मायेनं लावून घेतलं. ती विचारते, "त्या वाक्यावर थांबला का नाहीत?" उत्तर शोधताना कधी कळतं की घाई होती, बाहेर तीन जण बसले होते. कधी कळतं की समुपदेशकाची स्वतःची आई गावी एकटी असते आणि त्यानंही चार दिवस फोन केलेला नसतो. हे दुसरं उत्तर पुस्तकातून येत नाही, कार्यशाळेतून तर नाहीच. आणि ते बोलून झाल्यावर माणूस हलका होतो. शिकणं आणि सावरणं या दोन्ही गोष्टी त्याच पाच मिनिटांत घडलेल्या असतात. म्हणून 'आधी कौशल्य वाढवू, मग स्वतःची काळजी घेऊ' ही वाटणीच मला खोटी वाटते.

याला इंग्रजीतला शब्द आहे सुपरव्हिजन, आणि मराठीत आपण त्याचं 'पर्यवेक्षण' करून टाकलं. पर्यवेक्षक म्हटल्यावर मराठी माणसाला परीक्षेचा हॉल आठवतो, कॉपी पकडणारा गुरुजी आठवतो. सरकारी कामात तर सुपरव्हायझर म्हणजे रजिस्टर तपासायला येणारी व्यक्ती. मनाच्या आजाराशी झगडणाऱ्यांसाठी 'शुभार्थी' आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी 'शुभंकर' असे सुंदर शब्द मराठीनं रुळवले, पण समुपदेशकाचं ऐकून घेणाऱ्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही. शब्द नसला की अपेक्षाही तयार होत नाही. भजनी मंडळात बुवाचा सूर चुकला तर पखवाजवाला डोळ्यांनी खुणावतो आणि त्यात बुवाला अपमान वाटत नाही. आपल्या समुपदेशकांना हवी आहे ती या जातीची गोष्ट.

आता दुसरा आक्षेप: हे गोव्याच्या प्रकल्पाला जमलं, त्यांच्यामागे निधी होता, संशोधक होते. कट्ट्यातल्या एकट्या समुपदेशकानं कुणाकडे जायचं? अंतराची ही अडचण खरी आहे, पण मराठी माणसानं ती एकदा फार चिकाटीनं ओलांडलेली आहे. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस न्यूयॉर्कला होते आणि ती पद्धत भारतात रुजवणारे कि. मो. फडके मुंबईत. दोघांचा पत्रव्यवहार सुमारे 36 वर्षं चालला आणि त्याची हजाराहून अधिक पानं झाली. त्यात फडके नुसते आज्ञाधारक शिष्य नव्हते, ते शंका काढत, वाद घालत आणि एलिस उत्तरं देत. उत्तर यायला आठवडे लागत, तरी तो धागा तुटला नाही. आज कुडाळ, सावंतवाडी, देवगड आणि मालवण इथल्या चार समुपदेशकांनी पंधरवड्यातून एकदा दीड तास फोनवर भेटायला टपाल तिकीटही लागत नाही. तज्ज्ञ नसेल तर चालेल का? गोव्याचा पुरावा सांगतो की समान पातळीवरची माणसंही, मोजपट्टी ठरलेली असेल आणि अधूनमधून एखादा जाणकार डोकावत असेल, तर हे काम करू शकतात. मोजपट्टी नसेल तर मात्र त्याचा गप्पांचा फड होतो. कट्ट्यावरच्या गप्पांनी मन मोकळं होतं, त्यानं काम सुधारत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, तो गुप्ततेचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017नं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. नाव काढून टाकलं की प्रश्न मिटतो असं शहरात म्हणता येतं. 'एक बाई, वय साठ, मुलगा परळला, नवरा खलाशी होता, घरामागे काजूची बाग' एवढं म्हटलं की पंचक्रोशीत ती बाई कोण हे पोरसुद्धा सांगेल. म्हणून इथे नियम वेगळे लागतात. गटातली माणसं आपल्याच तालुक्यातली नकोत. ध्वनिमुद्रण करायचं तर लेखी संमतीनंच आणि ऐकून झाल्यावर पुसून टाकायचं. संमती नसेल तर आठवणीतून लिहिलेल्या दहा वाक्यांवर भागवायचं. आणि बोलायचं ते क्लायंटच्या घराण्याबद्दल नाही, समुपदेशकाच्या वाक्याबद्दल. वरच्या उदाहरणात काजूची बाग सांगायची गरजच पडली नाही. 'त्याला काम असेल' हे वाक्य पुरलं. इतकी काळजी घेऊनही धोका शून्य होत नाही, हे मान्य करायला हवं. पण एकटा पडलेला समुपदेशक शेवटी कुठेतरी बोलतोच, घरी बायकोजवळ किंवा नवऱ्याजवळ, कधी मित्राजवळ. ती गळती यापेक्षा मोठी असते आणि तिला कुणाची संमती नसते.

पैशाचा आक्षेपही आहे. मानधनावर काम करणाऱ्यानं आणखी दीड तास फुकट का द्यायचा? द्यायचा नाहीच. तो कामाच्या तासांत धरायला हवा, नेमणुकीच्या कागदावर लिहायला हवा. इथेच 'स्वतःची काळजी घ्या' या सध्याच्या लोकप्रिय उपदेशाशी माझं पटत नाही. योग करा, समुद्रावर फिरा, मोबाइल बंद ठेवा, हे सगळं चांगलंच आहे. पण मॅस्लॅक आणि मायकेल लायटर यांनी पुढे होरपळीची कारणं शोधली तेव्हा ती मुख्यतः कामाच्या जागेत सापडली: किती ओझं, किती अधिकार, मोबदला काय, सोबत आहे का, न्यायानं वागवतात का, मूल्यं जुळतात का. यातली एकही गोष्ट पहाटेच्या प्राणायामानं बदलत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. मासळीला वाढायला उसंत मिळावी म्हणून ही बंदी असते, आणि त्याच दिवसांत जाळी शिवली जातात, होड्यांची डागडुजी होते. ही बंदी प्रत्येक ट्रॉलरमालकाच्या मनोनिग्रहावर सोडली असती तर एक हंगामही टिकली नसती. शेजारची होडी जाते म्हटल्यावर कोण घरी बसेल? (नियम असूनही तो कोण मोडतो यावर किनाऱ्यावर भांडणं होतातच, तो विषय वेगळा.) समुपदेशकाच्या विश्रांतीचंही तसंच आहे. दिवसाला किती माणसं बघायची याची मर्यादा संस्थेनं घालायची असते. ती भलेपणावर सोडली तर भला माणूस आधी संपतो.

कायदा याबाबतीत कुठे आहे? भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना नोंदणी टिकवायला सतत शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात, डॉक्टरांना महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे पाच वर्षांत 30 गुण लागतात. 2021च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यानं बाकीचे मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांनाही नियमनाच्या चौकटीत घेण्याची तरतूद केली. हे पाऊल चांगलंच आहे. पण गुण मिळतात ते परिषदेला हजर राहिल्याबद्दल, आणि भोजनानंतरच्या सत्रात मागच्या रांगेत डुलकी घेतली तरी ते तेवढेच मिळतात. आपल्या खोलीत बाराव्या मिनिटाला काय झालं हे त्या सभागृहात कुणी विचारत नाही. नियम करायचाच असेल तर तासांचा करावा, आणि तो आपलं काम दुसऱ्यानं ऐकण्याचा करावा, व्याख्यानं ऐकण्याचा नको. पदवीधर तज्ज्ञांना हे कमीपणाचं वाटेल. बिनपदवीच्या माणसांना देखरेख लागते, आम्हाला नाही, असं ते म्हणतील. त्यांना हॅननच्या अभ्यासातल्या त्या तीन आणि चाळीस या आकड्यांकडे पुन्हा बघायला सांगावं.

असा नियम येईपर्यंत एक काम वाचकालाही करता येईल. तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी समुपदेशकाकडे जात असाल, मग ते कट्ट्यात असो की दादरला, तर पहिल्या-दुसऱ्या भेटीत सरळ विचारा: "तुमचं काम कोण ऐकतं?" प्रश्न उद्धट नाही. ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला तो आवडेल. ज्याच्याकडे नाही तो कदाचित त्या संध्याकाळी सावंतवाडीला एक फोन करील.